रेड ५ : चारपैकी दोन डिस्क बाहेर, डेटा कसा काढायचा?

रात्रपाळी | १२ जून, रात्री ९:४०

एका छोट्या कार्यालयाचा फाइल सर्व्हर आहे. ४ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड ५ (डिस्कचा मिळून एक संच म्हणजे ॲरे, त्यातली एक गेली तरी डेटा राहतो; तो चालवणारी आज्ञा एमडीॲडम), त्यावर थेट ईएक्सटी४ फाइल सिस्टम. एकूण जागा १२ टीबी, भरलेली ६.१ टीबी. स्कॅन केलेले नकाशे, करारनामे, टॅलीचा डेटा. आज दुपारपासून ॲरे चालू होत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन उघडून फक्त वाचणाऱ्या आज्ञा चालवल्या (एमडीॲडमची एक्झामिन, आणि स्मार्ट म्हणजे डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंद वाचणारी स्मार्टसीटीएल) आणि मशीन बंद केलं. हाती आलेले आकडे :

ए : इव्हेंट १८३५६, शेवटची नोंद आज दुपारची. स्थिती : पहिली व तिसरी हजर, बाकी दोन नाहीत. स्मार्ट स्वच्छ.
बी : इव्हेंट ११२०७, शेवटची नोंद १९ फेब्रुवारी. स्थिती : चारही हजर. स्मार्टमध्ये ५ (बदललेले खराब सेक्टर) आणि १९७ (वाचता न येणारे, बदलायचे बाकी सेक्टर) शून्य, १९९ (केबलवरच्या चुका) मात्र २३१७.
सी : अगदी ए सारखं.
डी : इव्हेंट १८३४२, शेवटची नोंद आज दुपारची. स्थिती : दुसरी नाही, बाकी तीन हजर. स्मार्टमध्ये ५ वर ८, १९७ वर ४८, १९९ शून्य.

मेटाडेटा १.२, चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) ५१२ के, मांडणी लेफ्ट-सिमेट्रिक, डेटा ऑफसेट (डेटा सुरू होण्याची जागा) २,६२,१४४ सेक्टर. चारही डिस्कवर एकेकच पार्टिशन, सेक्टर २०४८ पासून. बॅकअप जानेवारीचा आहे. दुकानदार म्हणतो डी खराब आहे, ती बदला आणि रीबिल्ड (बाकीच्या डिस्कवरून नव्या डिस्कचा डेटा परत बनवणं) लावा. लावू का?

---

आकडेमोड | १२ जून, रात्री १०:२५

रीबिल्ड लावू नका. मशीन बंद ठेवलंत हे फार बरं केलंत.

तुमचं उत्तर त्या आकड्यांतच आहे. इव्हेंटचा आकडा म्हणजे ॲरेचा हजेरीपट. ॲरे सुरू झाला, बंद झाला, डिस्क पडली, की हजर असलेल्या प्रत्येक डिस्कवर तो पुढे सरकतो. जी बाहेर पडली तिचा आकडा तिथेच गोठतो. बी ७१४९ ने मागे आहे, म्हणजे ती फेब्रुवारीतच पडली आणि चार महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून ॲरे तीन डिस्कवर चालत होता. आज डी पडली, ती फक्त १४ ने मागे. डीच्या स्वतःच्या नोंदीत बी आधीच गैरहजर आहे, त्यामुळे क्रमाबद्दल शंकाच उरत नाही.

आता यातला धोका बघा. स्मार्ट पाहिलं तर बी ठणठणीत दिसते. १९९ हा केबलवरच्या चुकांचा आकडा, प्लॅटरशी त्याचा संबंध नाही. डी आजारी दिसते. म्हणून कुणीही सहज बीला आत घेईल आणि डीला बाजूला ठेवेल. पण बीवर फेब्रुवारीचा डेटा आहे. ए आणि सीवर जूनचा. दोन्हींची पॅरिटी (हरवलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला ताळा) जुळवली की फेब्रुवारीनंतर जिथे जिथे लिहिलं गेलं तिथे ना जुना डेटा मिळेल ना नवा, नुसता काला होईल. त्यावर फाइल सिस्टम माउंट झाली, एफएससीकेने (फाइल सिस्टम तपासणारी आज्ञा) 'दुरुस्ती' केली, की तो काला ए आणि सीवर कायमचा लिहिला जातो. खरं नुकसान तिथे होतं.

दुकानदाराचा सल्ला बी असती तर बरोबर होता. रीबिल्डला चारपैकी तीन डिस्क खऱ्या लागतात. तुमच्याकडे आत्ता दोनच आहेत.

तुम्हाला हव्यात ए, सी आणि डी. डी मरायला टेकली आहे, म्हणून आधी तिचा क्लोन.

---

कोरी_पाटी | १२ जून, रात्री १०:५०

क्रिएट आज्ञा अझ्यूम-क्लीन (पॅरिटी बरोबरच आहे असं धर) पर्यायासह दिली तर दोन मिनिटांत ॲरे उभा राहतो ना? बऱ्याच ठिकाणी असंच सुचवलेलं असतं.

---

तांबडी_वायर | १२ जून, रात्री ११:१५

@कोरी_पाटी, उभा राहतो, पण बहुतेकदा चुकीचा. क्रिएट म्हणजे जुना सुपरब्लॉक (प्रत्येक डिस्कवर असलेली ॲरेची नोंद) पुसून नवीन लिहिणं. आत्ता क्रम, चंक, ऑफसेट, कुठली डिस्क कधी पडली, हे सगळं त्या सुपरब्लॉकमध्ये आहे, आणि तोच जातो. शिवाय ऑफसेटचं डिफॉल्ट मूल्य एमडीॲडमच्या आवृत्तीप्रमाणे बदलत गेलं आहे. जुन्या आवृत्तीने १ एमबीवर ठेवलेला डेटा नवी आवृत्ती १२८ एमबीवर शोधते. चंकचंही तसंच : पूर्वी ६४ के, नंतर ५१२ के. आणि घाईत अझ्यूम-क्लीन लिहायचं राहिलं तर रीसिंक (पॅरिटी नव्याने लिहिणं) सुरू होतं. क्रम चुकला असेल तर त्या क्षणापासून चुकीची पॅरिटी खऱ्या डेटावर लिहिली जाते.

सुपरब्लॉक शाबूत असताना असेंबल (आहे त्या नोंदीवरून ॲरे जोडणं) आणि फोर्स. क्रिएट फक्त सुपरब्लॉक गेलाच असेल तेव्हा, आणि तेही ओव्हरलेवर, म्हणजे लेखन मूळ डिस्कपर्यंत जाऊ न देणाऱ्या थरावर. मूळ डिस्कवर कधीच नाही.

---

आकडेमोड | १३ जून, सकाळी ७:३०

डीचा क्लोन. घाई नको, क्रमाने घ्या.

१. नवी डिस्क निदान तेवढ्याच सेक्टरची हवी. तुमच्या ४ टीबीत ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर असतील, म्हणजे ४०,००,७८,७०,३०,०१६ बाइट. मोठी घेतली तरी चालेल. जीपीटीची (पार्टिशनच्या तक्त्याची) मागची प्रत जागेवर नाही अशी तक्रार येईल, तिकडे दुर्लक्ष करा.

२. मदरबोर्डच्या साटा पोर्टला थेट लावा. यूएसबी डॉक टाळा. काही डॉक सेक्टरचा आकार ४०९६ करून दाखवतात आणि पार्टिशन सापडतच नाही. चुकलेला सेक्टर आला की डॉक लटकतो तो वेगळाच.

३. प्रत्येक डिस्कवर सिरियल नंबरची पट्टी चिकटवा. एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलतात. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क डीवर उतरते, आणि ते परत येत नाही. एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही सिरियल मोठ्याने वाचा.

४. डीच्या पोर्टचा कर्नल टाइमआउट ३० सेकंदांवरून १८० वर न्या (सिस-ब्लॉक खाली त्या डिस्कच्या डिव्हाइस फोल्डरमध्ये टाइमआउट नावाची फाइल आहे). नाहीतर डिस्क सेक्टरशी झगडत असतानाच कर्नल लिंक रीसेट करतो आणि डिस्क गायब होते.

५. पहिली फेरी : जीएनयू डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची प्रत काढणारं साधन), पर्याय एफ, एन, डी, मग स्रोत, लक्ष्य, मॅपफाइल (कुठली जागा वाचली, कुठली राहिली याची नोंद), याच क्रमाने. 'एन' मुळे सोपं ते आधी उचललं जातं, खराब जागा खरवडत बसत नाही. सरासरी १४० एमबी वेग धरला तर ८ तास.

६. दुसरी फेरी : तीच मॅपफाइल, 'एन' काढा, 'आर ३' घाला. तरीही काही राहिलं तर मोठा 'आर' देऊन उलट्या दिशेने एक फेरी.

मॅपफाइल तिसऱ्याच डिस्कवर ठेवा, लाइव्ह सिस्टमच्या रॅममध्ये नको. पावसाळा आहे, वीज जाणारच. मॅपफाइल असेल तर काम थांबलं तिथून पुढे चालू होतं, नसेल तर मरणाऱ्या डिस्ककडून सगळं परत वाचून घ्यावं लागतं.

१९७ वर ४८ म्हणजे बऱ्याच डिस्कमध्ये ५१२ बाइटचे ४८, अर्थात ४०९६ चे ६ भौतिक सेक्टर. हे फार नाही. तुमचं काम होईल असं वाटतं.

---

कोरी_पाटी | १३ जून, सकाळी ८:०५

समजलं, धन्यवाद. डिस्क टकटक आवाज करत असेल तरी हेच करायचं का? फ्रीजमध्ये ठेवतात म्हणे.

---

तांबडी_वायर | १३ जून, सकाळी ८:२०

नाही. लयीत टकटक म्हणजे हेडला ट्रॅक सापडत नाही. वीज लगेच तोडा. प्रत्येक फेऱ्यात हेड प्लॅटर खरवडत असू शकतं. ते क्लीन रूमचं काम. फ्रीजमधून काढल्यावर आपल्या दमट हवेत प्लॅटरवर दव धरतं, म्हणून तो प्रकार पूर्ण वर्ज्य. वरचं सर्किट बोर्ड बदलूनही भागत नाही. त्या डिस्कची जुळणी बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिप नव्या बोर्डावर हलवावी लागते. रात्रपाळी यांच्या डीला आवाज नसेल तर हा विषय इथे लागू नाही.

---

रात्रपाळी | १४ जून, दुपारी १२:१०

आवाज नाही. क्लोन झाला. पहिल्या फेरीनंतर १९६ केबी राहिले होते, सगळ्या फेऱ्यांनंतर १६ केबी उरले : चार जागा, प्रत्येकी ४०९६ बाइट. मूळ डी काढून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवली. पुढे?

---

आकडेमोड | १४ जून, दुपारी १:००

४ टीबीपैकी १६ केबी. छान. मूळ डी आता पिशवीतच राहू दे. मूळ आणि क्लोन दोन्हींचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) एकच, दोन्ही एकदम लावल्या तर एमडी कुठली उचलेल ते सांगता येत नाही.

आता ओव्हरले. ए, सी आणि डीचा क्लोन यांच्यावर एक थर घालायचा : वाचन खालच्या डिस्कवरून, लेखन सगळं वेगळ्या फाइलीत. चुकलं तर फाइल पुसा, परत पहिल्यापासून.

आधी एमडीने आपोआप अर्धवट ॲरे उभा केला असेल (बहुधा एमडी१२७ नावाने) तर स्टॉप आज्ञेने बंद करा. मग तिन्ही डिस्कना ब्लॉकडेव्हने सेट-आरओ. वेगळ्या एसएसडीवर ट्रंकेटने प्रत्येकी ५० जीबीच्या तीन पोकळ फाइली करा, एलओसेटअपने लूप डिव्हाइस बनवा आणि डीएमसेटअप क्रिएटला ही एक ओळ द्या : शून्य, पार्टिशनचे एकूण सेक्टर, स्नॅपशॉट, मूळ पार्टिशन, लूप डिव्हाइस, पी, ८. सेक्टरचा आकडा ब्लॉकडेव्ह गेट-एसझेड देतो. फाइली पोकळ असल्याने लिहिलं जाईल तेवढीच जागा जाते, पण ५० जीबी भरले तर स्नॅपशॉट बाद होतो. अधूनमधून डीएमसेटअप स्टेटस बघत राहा.

मग असेंबल, फोर्स, रन, आणि मॅपरखालची तीन नावं. बी द्यायची नाही. फोर्समुळे डीचा इव्हेंट आकडा ए-सीच्या बरोबरीने येतो. ही नोंदही ओव्हरलेतच जाते.

ॲरे आला की ई-टू-एफएससीके फक्त 'एन' पर्यायाने. ॲरे अचानक थांबला असल्याने दहा-वीस तक्रारी येतील, त्या साहजिक आहेत. हजारोंनी येऊ लागल्या तर तिथेच थांबा, क्रम किंवा ऑफसेट चुकला आहे. मग माउंट : आरओ आणि नोलोड.

---

घाटवाट | १४ जून, दुपारी १:४०

वरच्यात एक भर. फोल्डर दिसले म्हणजे जिंकलो असं समजू नका. चंक ५१२ के, डेटाच्या डिस्क तीन, म्हणजे एका स्ट्राइपमध्ये (सगळ्या डिस्कवरच्या एका ओळीतल्या चंकांत) १.५ एमबी. छोट्या फाइली एकाच चंकमध्ये मावतात, त्या क्रम चुकला तरी उघडू शकतात. कसोटी मोठ्या फाइलीची : ५-१० एमबीचा स्कॅन उघडून खालपर्यंत सरकवा. क्रम चुकला असेल तर चित्र वरून काही भाग नीट आणि मग आडवे पट्टे दिसतात. झिप फाइल असेल तर तिची तपासणी चालवा, तिच्यात सीआरसी (पडताळणीचा आकडा) असतोच. आणि एक फाइल फेब्रुवारीआधीची, एक मेची, अशा दोन्ही काळातल्या घ्या.

---

रात्रपाळी | १४ जून, संध्याकाळी ६:३०

एफएससीकेमध्ये १४ तक्रारी. माउंट झालं. मेमधला ३८ एमबीचा नकाशा पूर्ण उघडतो, दोन झिप तपासल्या, ठीक आहेत. ८ टीबीच्या नव्या डिस्कवर आरसिंक (कॉपीची आज्ञा) चालू केलंय, टॅली आणि करारनामे आधी. एकही वाचन-चूक येत नाहीये. त्या १६ केबीचं काय मग?

---

आकडेमोड | १४ जून, रात्री ८:१५

चूक येत नाही हीच तर मेख आहे. क्लोनवर त्या चार जागी कोऱ्या डिस्कची शून्यं आहेत, आणि क्लोन स्वतः निरोगी असल्याने ती खरा डेटा म्हणून वाचली जातात. आरसिंक निमूटपणे बिघडलेली फाइल उचलून ठेवतो. म्हणून बाधित फाइली हिशेबाने शोधायच्या.

डीडीरेस्क्यूचा फिल-मोड वापरून त्या जागी एखादा खुणेचा शब्द भरायचा आणि फाइलींत तो शोधायचा, ही रीत एकट्या डिस्कला उत्तम. इथे ती अर्धीच चालेल. बी गैरहजर आहे, तिचा डेटा ए, सी, डी यांच्या एक्सऑरमधून (पॅरिटीचं बिटवार गणित) काढला जातोय. म्हणजे डीवरच्या एका भोकाने त्याच स्ट्राइपमधला बीचा तुकडाही बिघडतो, आणि तिथे खुणेचा शब्द ओळखू येणार नाही.

हिशेब असा. मॅपफाइलमधली जागा षोडशमान पद्धतीत असते, ती दशमानात आणा. उदाहरणार्थ १३,१०,८५,५३,३१,८४०. यातून पार्टिशनची सुरुवात १ एमबी आणि ऑफसेट १२८ एमबी वजा करा, दोन्ही मिळून १३,५२,६६,३०४ बाइट. उरलेल्याला चंकने, ५,२४,२८८ ने, भागा. भागाकार २५,००,०००, बाकी ६५,५३६. भागाकार हा स्ट्राइपचा क्रमांक. एका स्ट्राइपमध्ये ४ केच्या ब्लॉकने ३८४ ब्लॉक, म्हणून स्ट्राइपचा पहिला ब्लॉक ९६,००,००,०००. बाकी ६५,५३६ म्हणजे चंकमधला १६ वा ब्लॉक. चंक १२८ ब्लॉकचा. तेव्हा संशयित ब्लॉक तीन : ९६,००,००,०१६, ९६,००,००,१४४ आणि ९६,००,००,२७२. त्यातला एक किंवा दोन खरंच बाधित असतील, कुठल्या डिस्कवर पॅरिटी आहे त्यावर ते ठरतं, पण तिन्ही तपासणं जास्त सोपं.

डीबग-एफएसमध्ये आयचेकला हे ब्लॉक देऊन आयनोड (फाइलीची अंतर्गत नोंद) काढा, मग एनचेकने आयनोडवरून फाइलीचं नाव. आयनोड सापडला नाही तर ती जागा रिकामी आहे किंवा फाइल सिस्टमच्या स्वतःच्या तक्त्यांची. ६.१ टीबीच भरलेले असल्याने चारपैकी एखादी जागा रिकामी निघण्याची चांगली शक्यता आहे.

---

घाटवाट | १४ जून, रात्री ९:०५

आणि इथे बी कामाला येते.

डीची हरवलेली ४०९६ बाइट = त्याच जागेवरची ए, बी, सी यांची एक्सऑर. अट एकच : त्या जागी १९ फेब्रुवारीनंतर काही लिहिलेलं नसावं. कार्यालयाच्या सर्व्हरवर बहुतेक डेटा जुना, पडून असलेलाच असतो, म्हणून हे बऱ्याचदा जमतं.

पडताळणी अशी करा. चारही डिस्कची पार्टिशन आणि ऑफसेट सारखे आहेत, त्यामुळे बाइटची जागा चारहींवर तीच. भोकाच्या आधीची आणि नंतरची, त्याच चंकमधली आठ-दहा ४ केची घरं घ्या. तिथे डी वाचता आलेली आहे. ए, बी, सी यांची एक्सऑर डीशी तंतोतंत जुळते का पाहा. जुळली, आणि एनचेकने दिलेली फाइलही फेब्रुवारीआधीची निघाली, तर भोकातही तोच निष्कर्ष धरता येतो. शेजारची घरं जुळली नाहीत तर हात लावू नका. फक्त शेजारावरून ठरवू नका, पॅरिटी ४ केच्या घराघराने बदलते. फाइलीची तारीख हा दुसरा साक्षीदार हवाच.

मूल्य डीच्या ओव्हरलेत लिहा, ॲरे बंद असताना. पायथनच्या दहा ओळींचं काम आहे. बी जोडण्याआधी तिची केबल बदला आणि तिलाही सेट-आरओ करा.

---

तांबडी_वायर | १५ जून, सकाळी ९:००

डी का पडली तेही बघून घ्या, नाहीतर नव्या ॲरेतही हेच होईल. डेस्कटॉप वर्गातली डिस्क खराब सेक्टरवर मिनिट-दोन मिनिटं झगडते. कर्नल ३० सेकंदांत कंटाळतो, लिंक रीसेट करतो, आणि एमडी अख्खी डिस्क बाहेर काढतो. एका सेक्टरपायी ४ टीबी. स्मार्टसीटीएलने एससीटी-ईआरसी (डिस्कने खराब सेक्टरशी किती वेळ झगडायचं ती मर्यादा) ७०,७० करा, म्हणजे ७ सेकंदांत डिस्क हार मानते आणि एमडी तो सेक्टर पॅरिटीवरून परत लिहितो. बऱ्याच डिस्क वीज गेली की हे मूल्य विसरतात, म्हणून बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घाला. डिस्क हा पर्याय मानतच नसेल तर टाइमआउट १८०.

दुसरं, एमडीॲडमच्या कॉन्फमध्ये मेलॲडर ओळ भरा आणि मॉनिटर, स्कॅन, वनशॉट, टेस्ट अशी आज्ञा देऊन मेल खरंच येतो का पाहा. फेब्रुवारीत एक मेल आला असता तर हा धागा निघालाच नसता.

---

कोरी_पाटी | १५ जून, सकाळी १०:३०

हार्डवेअर रेड कार्ड असेल तर? तिथे 'फॉरेन कॉन्फिगरेशन' असं येतं.

---

तांबडी_वायर | १५ जून, सकाळी १०:५५

तिथेही आधी क्लोन. क्लिअर आणि इनिशियलाइज या दोन शब्दांना हात लावायचा नाही. इम्पोर्टही दोन डिस्क वेगवेगळ्या दिवशी पडल्या असतील तर डोळे झाकून नको, कार्ड शिळी डिस्क आत घेऊ शकतं. कार्ड बाजूला ठेवून डिस्क साध्या एचबीएला (रेड न करता डिस्क थेट दाखवणारं कार्ड) लावल्या की डीडीएफ पद्धतीचा मेटाडेटा असल्यास एमडीॲडमलाही वाचता येतो. घरगुती नॅसचं सोपं आहे : बहुतेकांत आत एमडीच असतं, वर कधी एलव्हीएम (जागेचे भाग पाडणारा थर). वरची सगळी रीत लागू, फक्त ॲरे आल्यावर व्हीजी-चेंज करून मग माउंट.

---

रात्रपाळी | १६ जून, रात्री ११:२०

६.१ टीबी उतरला. चार जागांचा हिशेब :

पहिली : तिन्ही ब्लॉक रिकाम्या जागेत.
दुसरी आणि तिसरी : २०२१ चे स्कॅन. शेजारच्या दहाही घरांत एक्सऑर जुळली. ओव्हरलेत भरल्यावर दोन्ही फाइली जानेवारीच्या बॅकअपशी बाइटन्‌बाइट सारख्या.
चौथी : एप्रिलमधल्या एका पीडीएफची. शेजारची घरं जुळत नाहीत. फाइल उघडते, तिसरं पान अर्धं पांढरं. कागद कपाटात आहे, परत स्कॅन होईल.

बीची केबल बदलल्यावर १९९ चा आकडा २३१७ वरच आहे, वाढत नाही. ती नव्या ॲरेत घेऊ का?

---

आकडेमोड | १७ जून, सकाळी ७:१०

दुसऱ्या-तिसऱ्या जागेचं बॅकअपशी जुळणं वाचून फार बरं वाटलं.

बी घेता येईल, पण आत्ता नाही. आधी उतरवलेल्या डेटाची दुसरी प्रत करा आणि कार्यालयातल्या लोकांना आठवडाभर त्यावर काम करू द्या. एखादी फाइल विचित्र दिसली तर ए, बी, सी आणि क्लोन जसेच्या तसे हाती हवेत. मग बीवर स्मार्टची लाँग टेस्ट, ४ टीबीला आठ-नऊ तास. ती पार झाली की झिरो-सुपरब्लॉक. तोपर्यंत बीही डीशेजारी पिशवीत.